बेदाणा, ढग आणि आपला 'केऑस'

'लाइफमध्ये नुसता केऑस आहे यार!' हे वाक्य मी आठवड्यातून निदान दहा वेळा म्हणते. तुम्हीही म्हणत असाल. अर्धवट मेल्स, मिस्ड कॉल्स, डोक्यावर डेडलाइन... मार्चमधल्या एका रविवारी सगळं तसंच टाकून पुण्याहून सटकले. सोलापूर हायवेवर टेंभुर्णीला पंढरपूरचा रस्ता धरला आणि वाटेत करकंबला थांबले.

विठोबाच्या ओढीने जाणारे बहुतेक जण हे गाव गाडीच्या काचेतूनच बघतात. तुम्ही मात्र उतरा. द्राक्षबागांच्या पलीकडे बेदाणा शेड दिसतील. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षं आत जाळीच्या रॅकवर पसरलेली असतात. त्या पाण्याने सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि आतला ओलावा भराभर उडतो. पंधरा-वीस दिवसांत साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा!

शेडवाले काका बोलत होते माझ्याशी, पण नजर सारखी आभाळाकडे.

'मोबाइलवर तर पाऊस दाखवत नाहीये, काका.'

'मोबाइलचं काय जातंय, ताई? एक सर आत आली की माल काळा पडतो. वर्षाची कमाई हाय ही.'

हातात ताडपत्रीची दोरी तयारच होती.

तिथेच मला एडवर्ड लॉरेन्झ आठवला. अमेरिकेतला हवामानशास्त्रज्ञ. १९६१ मध्ये कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित पुन्हा चालवताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी नुसतं ०.५०६ टाकलं. एवढ्याशा फरकाने पुढचं हवामान पार वेगळंच निघालं! फिजिक्समधला केऑस तो हाच. नियम पक्के, पण सुरुवातीची बारीकशी चूक वाढत जाते आणि लांबचा अंदाज कोलमडतो.

म्हणजे माझ्या टेबलावर असतो तो निव्वळ पसारा. बसून आवरला की आवरतो. केऑस काकांच्या डोक्यावर होता. तो कुणालाच आवरता येत नाही. ताडपत्री हाताशी ठेवायची, बस्स.

संध्याकाळी ढग पांगले. काकांनी ओंजळभर बेदाणा दिला. गाडीत बसून फोन चालू केला तर एकवीस मेल्स! 'केऑस' म्हणायला तोंड उघडलं... आणि गुपचूप त्यात बेदाणा टाकला.