मराठवाड्याची कादंबरी कोणती?



कादंबरी या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना एक प्रश्न कधी ना कधी उपस्थित होतोच : एखाद्या प्रदेशाचे अंतरंग सर्वाधिक समर्थपणे कोणत्या कादंबरीत प्रकटले आहे? अमेरिकेत हा वाद जुना आहे. तेथील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि १८६८ मध्ये जॉन विल्यम डी फॉरेस्ट या लेखकाने 'द नेशन' या नियतकालिकातून 'महान अमेरिकन कादंबरी'ची कल्पना मांडली. दुभंगलेला देश पुन्हा सांधला जात असताना 'आपण सारे कोण?' याचे उत्तर कादंबरीकडे मागितले गेले. पुढे 'मोबी डिक', मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन', 'द ग्रेट गॅट्सबी', टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' अशी नावे पुढे येत राहिली. वाद मिटलेला नाही.

मराठवाड्यापुरता हा प्रश्न विचारण्यास सबळ कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातील अध्यापनाचे माध्यमही उर्दू. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा आपल्या वाट्याला जी प्रमाण मराठी आली, तिचे वळण पुण्याकडचे होते. घरात एक मराठी आणि वहीत दुसरी, अशी दुहेरी कसरत आपल्यापैकी बहुतेकांनी केली आहे.

नांदेड आणि लातूर येथील संपर्क सत्रांत मी हा वाद मुद्दाम लावून देतो. माझा स्वतःचा कौल रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीला आहे. बोराडे लातूर जिल्ह्यातील काटगावचे. एका खेड्यातील शिंपी कुटुंबाची वाताहत या कादंबरीत आहे आणि ती सांगते शिंप्याची बायको, आपल्या बोलीत. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, ही रीत पूर्वीपासून होती. येथे निवेदनही बोलीत आहे. म्हणजे जग पाहण्याचा अधिकारच त्या बाईकडे आला. विद्यार्थिदशेत मी या कादंबरीची काही पाने माझ्या आत्याला वाचून दाखवली होती. तिला अक्षरओळख नव्हती. ऐकता ऐकता ती म्हणाली, "ही तर आपल्यावानीच बोलायली की! पुस्तकात असं लिवत्यात व्हय?" पुढे भाषाविज्ञानात संशोधन करताना अनेक सिद्धान्त अभ्यासले, पण तिच्या त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला क्वचितच भेटला.

'हकलबरी फिन'चे महत्त्वही याच जातीचे आहे. एक अर्धशिक्षित मुलगा आपल्या बोलीत सारी कथा सांगतो. १८८५ मध्ये कॉनकॉर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने ते पुस्तक असभ्य ठरवून बाहेर काढले. पुढे हेमिंग्वेने आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम त्याच पुस्तकात पाहिला.

परंतु माझ्या मताला लातूरच्या एका सत्रात बिनतोड आव्हान मिळाले. विमुक्त समाजातील एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, त्या शिंप्याला गावात घर तरी हाय. आमाला गावच नव्हतं." त्याचा कौल लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला (१९८७) होता. गायकवाडही लातूर जिल्ह्यातीलच, धनेगावचे. 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या समाजाची ती कथा आहे. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, असा तांत्रिक आक्षेप घेता येतो. तथापि, ज्यांना कादंबरीच्या चौकटीत जागा मिळाली नाही त्यांनी आत्मकथनाचा मार्ग धरला, हे ध्यानात घेतले तर तो आक्षेपच दुबळा वाटू लागतो. अमेरिकेतही हकची कथा पुरेशी ठरली नाही. त्याच्यासोबत पळालेला गुलाम जिम स्वतः काय सांगेल, हे पर्सिव्हल एव्हरेट यांनी 'जेम्स' (२०२४) या कादंबरीत लिहिले आणि तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

नांदेडच्या सत्रात घरी दखनी बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "आमच्या घरातली भाषा यातल्या कोणत्या पुस्तकात आहे?" देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा शेजार असलेल्या वाचकालाही हेच विचारता येईल. म्हणून या वादात केवळ नाव सांगून थांबू नका. तीन गोष्टी तपासा : कथा कोण सांगते, कोणत्या भाषेत सांगते आणि कोणाला बोलू दिले जात नाही. या कसोट्यांवर मी आजही 'पाचोळा'च्या बाजूने उभा राहीन. मात्र 'उचल्या' शेजारी ठेवल्यावाचून तो कौल देणार नाही.

शेवटी, आपल्यापैकी अनेकांच्या मनातील एका भीतीविषयी. "बोलीतले उदाहरण दिले तर गुण कापतील का?" असे मला दर सत्रात कोणीतरी हळूच विचारते. 'मी जायलो', 'ती जायली', 'तू काय करायलास?' या रूपांत लिंग, वचन, पुरुष यांनुसार नियमित बदल होतो. ज्या बोलीला नियम आहेत, तिला अशुद्ध म्हणणे शास्त्राला धरून नाही. उत्तर प्रमाण मराठीत लिहावे, ती परीक्षेची रीत आहे. परंतु उदाहरण आपल्या गावचे, आपल्या घरचे द्यावे आणि ते का दिले हे स्पष्ट करावे. आपल्यापैकी कित्येकजण शेतीची, घरची वा नोकरीची कामे आटोपून रात्री हे पुस्तक उघडतात. त्यांना एवढेच सुचवतो : 'पाचोळा'चे एक पान घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ते काय म्हणतात, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा आणि पुढील सत्राला ती वही सोबत आणा.