लाटेची पारख

समुद्रात उतरण्याचे धाडस सर्वांना दिसते; न उतरण्याचा निर्णय मात्र सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. सर्फिंगची फळी घेऊन प्रथमच लाटांवर जाणाऱ्या नवशिक्यांच्या गटात हा दुसरा निर्णयच अधिक मोलाचा ठरतो. तो घेण्यासाठी लाटेची पारख असावी लागते.

गोव्यातील पेडणे तालुक्यात आश्वे-मांद्रे आणि हरमल येथील वाळूचे किनारे या शिक्षणास मानवतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून शिकण्याचा काळ सामान्यतः ऑक्टोबर ते मे. परंतु हंगाम अनुकूल असला, तरी प्रत्येक दिवस अनुकूल असतोच असे नाही. म्हणून गटातील जाणता मनुष्य आदल्या रात्रीच हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या शासकीय संस्थेचा समुद्राविषयीचा अंदाज पाहून ठेवतो.

अंदाजात नवखा केवळ लाटेची उंची पाहतो. जाणता दोन लाटांमधील अवधीही पाहतो. एक मीटर उंचीची लाट सहा सेकंदांच्या अंतराने आली काय आणि बारा सेकंदांच्या अंतराने आली काय, आकडा तोच दिसतो. पण दुसरीचा जोर जवळजवळ दुप्पट असतो. उंचीचा हिशेब तर याहून कठोर आहे. अर्ध्या मीटरची लाट एक मीटरची झाली, तर तिची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. केवळ आकडा वाचून माल उचलणारा व्यापारी जसा फसतो, तसाच केवळ उंची वाचून पाण्यात शिरणाराही फसतो.

त्यानंतर वारा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा लाटा नीटस राहतात. दुपारी खारे वारे सुटले की त्या विस्कटतात आणि नवशिक्याला कोणती लाट धरावी हेच उमगत नाही. मग तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते व पाण्याची ये-जा मोठी होते; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती सौम्य असते. घरात पंचांग पाहणाऱ्यांना हे निराळे सांगावे लागणार नाही.

एवढे करूनही किनाऱ्यावर पोहोचताच फळी पाण्यात टाकायची नसते. मोठ्या लाटा थव्याथव्याने येतात. मधली शांतता फसवी असते. म्हणून पंधरा-वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहावे लागते. जेथे लाटा फुटत नाहीत, पाणी काळसर व संथ दिसते आणि फेस उलट समुद्राकडे सरकतो, तेथे आत ओढणारा प्रवाह असतो. अनभिज्ञास नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडल्यास फळी सोडू नये, प्रवाहाशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे व हात वर करून मदत मागावी, हे पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगितलेले असावे.

खरा पेच यापुढे असतो. गटात पाच जण पोहणारे आणि एक घाबरणारा असला, तर माप कोणाचे धरायचे? जाणता मनुष्य सहाव्याचे धरतो. कारण तो मागे राहण्याच्या संकोचाने सर्वांबरोबर उतरतो आणि भीती बोलून दाखवत नाही.

कोल्हापूर-बेळगावहून मुलांना घेऊन आलेले वडील अशा वेळी म्हणतात, “दादा, एवढ्या लांबून आलोय, दहा मिनिटं तरी उतरू द्या.” सुटी संपत आलेली असते, मुलांचे चेहरे उतरलेले असतात, पैसेही भरलेले असतात. तरीही उत्तर शांतपणे द्यावे लागते, “काका, आज वाळूवरच उभं राहायला शिकवतो. उद्या पहाटे पुन्हा पाहू.”

या उत्तराने त्या दिवसाची कमाई बुडते आणि क्वचित नाराजीही पदरी येते. परंतु ज्या गटात हे उत्तर मिळते, त्याच गटाच्या हाती आपले मूल निश्चिंतपणे सोपवावे.