विमानाचं केवायसी

मी एका बँकेत केवायसी बघते. समोरचा माणूस तोच आहे का, पत्ता खरा आहे का, लग्नानंतर बदललेलं नाव कुठल्या कागदावर आलंय आणि कुठल्या नाही, हे दिवसभर तपासायचं. संध्याकाळी लोकलमधून अंग चोरत शीवला उतरायचं, घरी येऊन जेवायचं आणि बाल्कनीतल्या टेबलावर दिवा लावून पुन्हा तेच काम सुरू करायचं. फरक एवढाच की रात्रीचा कस्टमर विमान असतं.

मी विमानांची स्केल मॉडेल्स बनवते. हो, मुलगी असून. हा प्रश्न विचारून झाला की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘एवढे बारीक तुकडे चिकटवायचे म्हणजे केवढा पेशन्स लागत असेल ना?’ पण चिकटवणं ही सोप्पी गोष्ट आहे हो. तुकड्यांवर नंबर असतात, सोबत चित्रांचा कागद असतो, दोन-तीन वीकएंडमध्ये सांगाडा उभा राहतो. खरी वाट लागते ती नंतर. पंखावरचा गोल केवढा? नंबर कुठल्या वळणाचा? हिरवा नेमका कुठला? या खुणांवरून विमान कोणाचं, कुठल्या स्क्वाड्रनचं आणि कुठल्या वर्षीचं, ते ठरतं. खुणा चुकल्या तर ते विमान कुठलंच राहत नाही, नुसतं शोकेसमधलं खेळणं होतं.

सध्या टेबलावर लिबरेटर आहे. दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर, बी-२४. अशी अठरा हजारांहून जास्त विमानं बनली. खऱ्या विमानाचा पंखविस्तार एकशे दहा फूट, माझ्या १:७२ मापात साधारण साडेशेहेचाळीस सेंटिमीटर. म्हणजे आमच्या वन-बीएचकेत ते कुठे ठेवायचं, हा वेगळा कौटुंबिक प्रश्न. मामेबहिणीने सिंगापूरहून आणलेल्या खोक्यात अमेरिकन तारे आहेत, ब्रिटिश गोल आहेत. भारताचं काहीच नाही. आणि मला तर भारताचंच हवंय, कारण आजोबा.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, १९५९ साली अठराव्या वर्षी हवाई दलात गेले. इंजिन फिटर. नंतर पुण्याला लोहगावला ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये लिबरेटरवर लागले. लिबरेटरच्या एका इंजिनात चौदा सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, इंजिनं चार. ‘एकशे बारा प्लग, पोरी. हिवाळ्यात पहाटे काढायचे, पुसायचे, लावायचे,’ हे मी लहानपणापासून पाढ्यासारखं ऐकलंय. बॉम्बच्या कप्प्याचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे वर सरकायचे, हेसुद्धा. गेल्या तीन वर्षांपासून ते आमच्याकडे शीवला असतात. काचबिंदूने नजरेच्या कडा गेल्या आहेत. मधलं थोडं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं, आणि ती नळीही दर सहा महिन्यांनी अरुंद होतेय. त्यामुळे या मॉडेलला डेडलाइन आहे. बॉसने दिलेल्या डेडलाइनसारखी ती पुढे ढकलता येत नाही.

मुळात भारताकडे लिबरेटर आली कशी, हा सॉलिड किस्सा आहे. अमेरिकेने ती लेंड-लीज करारावर ब्रिटनला दिली होती. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली बरीच विमानं कानपूरला गोळा केली आणि कोणी पुन्हा उडवू नयेत म्हणून मोडतोड करून तिथेच सोडली. १९४८ मध्ये नव्या भारताला बॉम्बर हवी होती आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. मग बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने ते भंगार चाळायला घेतलं. ही कंपनी १९४० साली सुरू करणारे आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद. एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन असं करत विमान कसंबसं उडण्याजोगं करायचं आणि कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ते कानपूरहून बंगळुरूला न्यायचं, पुढची पक्की दुरुस्ती तिथे. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबर स्क्वाड्रन त्यांच्यावर सुरू झालं, पुढे ६ नंबरने ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. १९६८ पर्यंत. तोवर जगातल्या इतर हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढली होती.

जुगाड म्हणून आपण हसतो, पण माझं शीवही तसंच उभं राहिलंय. आमचं सायन हॉस्पिटल १९४७ मध्ये सुरू झालं ते लष्कराच्या बराकींत. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना पलीकडे कोळीवाड्यात छप्पर मिळालं तेही लष्करी बराकींचंच. युद्ध संपलं, बराकी उरल्या, माणसांनी त्यात संसार मांडले. बराक मूळची कोणाची, हे विचारायला वेळ कोणाला होता?

विमानाच्या बाबतीत मात्र ते विचारावंच लागतं, कारण एकाच पत्र्यावर किती वेळा नाव बदललंय बघा. आधी अमेरिकन नंबर. मग ब्रिटिश नंबर आणि ब्रिटिश गोल. तो गोलही आपल्याकडे वेगळा. ब्रिटिशांच्या नेहमीच्या गोलात मध्ये लाल ठिपका असायचा. घाईत तो जपानी सूर्य वाटून आपलेच लोक गोळ्या घालतील, या भीतीने १९४२ पासून या भागातल्या विमानांवरचा लाल पुसला गेला. पुढे गडद निळ्यात फिकट निळा असा गोल आला. स्वातंत्र्यानंतर भारतीय विमानांवर काही काळ अशोकचक्र होतं, त्यानंतर तिरंगी गोल. बाहेर हिरवा, मग पांढरा, मध्ये केशरी. आणि ‘एचई’ने सुरू होणारा नवा नंबर.

आजोबांच्या अल्बममध्ये एकच फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइट. विमान बाजूने दिसतंय, समोर सहा पोरं उभी, आजोबा डावीकडून दुसरे. त्यावरून गोलाचं माप काढता येतं. विमानाची लांबी माहीत आहे, फोटोतली लांबी मोजली, पुढे शाळेतलं त्रैराशिक. रंगाचं काय पण? या फोटोत केशरी आणि हिरवा दोन्ही करडेच. राष्ट्रध्वजाच्या कापडाचं आणि रंगांचं मानक १९५१ सालचं आहे, पण पुण्याच्या पावसात भिजलेल्या पत्र्यावरच्या रंगाचं मानक कोण ठेवणार? आजोबांना विचारलं. म्हणाले, ‘नवा असताना झेंडू, पावसाळा झाला की भोपळा.’ मी भोपळा घेतला. अंगाला रंग नाही, नुसता चकचकीत ॲल्युमिनियम. ते एक सोपं.

विमान कुठलं, हा प्रश्नच नव्हता. आजोबांसाठी विमान एकच, एचई ८०७. ‘माझ्या सह्या आहेत तिच्या फॉर्म ७०० वर,’ म्हणतात. फॉर्म ७०० म्हणजे विमानाच्या देखभालीचं रजिस्टर. त्यावर मेकॅनिकची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. ८०७ कधीच भंगारात गेली असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मी कागद जुळवायला बसले आणि माझा रोजचा धंदा कामी आला. भारताने टिकवलेल्या या विमानांमधली काही पुढे जगभरच्या संग्रहालयांत गेली. एचई ७७३ कॅनडात, एचई ८७७ ॲरिझोनात, एचई ९२४ आपल्याच दिल्लीत पालमला. आणखी एका विमानाची गंमत तर ऐका. ते अमेरिकेत गेलं, दुरुस्त होऊन १९८९ मध्ये पुन्हा उडालं. त्यानंतर त्याला तीनदा नवं रूप दिलं गेलं, तिन्ही वेळा अमेरिकेच्या गाजलेल्या विमानांचं. वीस वर्षं तिरंगा मिरवलेलं विमान एअर शोमध्ये दुसऱ्याच्या नावाने टाळ्या घेत होतं!

आणि एचई ८०७? १९७४ साली भारतातून ब्रिटनला गेली. आज रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. नंबर केएन ७५१, खुणा ९९ नंबर स्क्वाड्रनच्या, १९४५ मधल्या, कोकोस बेटांवरच्या. गोल निळे.

आजोबांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते.

‘८०७ आहे, आजोबा. इंग्लंडमध्ये.’

ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘नंबर काय लिहिलाय तिच्यावर?’

‘केएन ७५१.’

‘मग ती दुसरी असेल.’

मी कागद वाचून दाखवले. जुना नंबर, नवा नंबर, कुठून निघाली, कुठे पोचली. फोटो त्यांच्या नजरेच्या नळीत बसेल असा धरला. त्यांनी शेपटीपासून नाकापर्यंत तुकड्यातुकड्याने विमान बघितलं. मला राग येत होता. युद्धातले काही महिने हा तिचा जुना पत्ता, आणि तोच पाटीवर. पुण्यातली सगळी वर्षं, ते एकशे बारा प्लग, त्या सह्या कुठेच नाहीत. बँकेत असा फॉर्म माझ्यापुढे आला तर मी परत पाठवते. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

आजोबा म्हणाले, ‘अगं, खोटं काय लिहिलंय त्यांनी? होतीच ती त्यांची. त्यांच्याही कोणी पोराने प्लग पुसलेच असतील की.’

हे मला सुचलं नव्हतं. दिवसभर मी एका माणसाचा एक पत्ता शोधत असते, आणि इथे एका पत्र्याचे तीन पत्ते होते, तिन्ही खरे. पाटीवर मात्र एकच मावतो. कुठला, ते पाटी लिहिणारा ठरवतो. ब्रिटिशांनी त्यांचा लिहिला, अमेरिकनांनी त्यांचा. आपला आपण लिहिला नाही तर दुसरं कोणी कशाला लिहील?

तेव्हा माझी ८०७ तिरंगीच होणार. गोल मी मास्किंग टेपवर कंपासने कापलेत. नंबर घरच्या प्रिंटरवर छापून आणलेत. पण त्याआधी एक काम उरकून घेतलं. मॉडेलचं धड दोन अर्धांत येतं. चिकटवण्यापूर्वी डावा अर्धा आतून चंदेरी रंगवला, वाळू दिला आणि आजोबांच्या हातात बारीक पेन दिलं. मापात सही जमेना. तीन-चार खोल्यांवरून शाई पसरली.

‘मोठी झाली गं.’

‘होऊ दे.’

‘तारीख घालू का?’

मी म्हटलं, घाला. फॉर्म ७०० वर तारखेशिवाय सही चालत नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय. त्यांनी आजची तारीख घातली, टोपण लावलं आणि विचारलं, ‘इंजिनं कधी बसवणार?’