आगर

मराठीच्या वर्गात ‘विद्येचे आगर’ हा शब्दप्रयोग आला, की आम्ही मुर्ध्याचे नाव घेतो. भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणारे हे गाव. येथे आगर हा अलंकार नव्हे. आगर म्हणजे मिठागर. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, कप्प्याकप्प्यांतून फिरवत उन्हाने दाट करायचे, शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरले की ओढून राशी घालायच्या. पावसाळ्यात हे काम थांबे आणि भातशेती सुरू होई. तेच खारे पाणी मिठागरात भांडवल, भातशेतात अरिष्ट. सारी भिस्त मधल्या मातीच्या बांधावर.

साष्टीवर १७३७ मध्ये पोर्तुगीजांच्या जागी मराठे आले, १७७४ मध्ये इंग्रज. पुढे १८८२ च्या मीठ कायद्याने या पिकावर सरकारी मक्ता आणखी घट्ट केला.

मीरा-भाईंदरची १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ ची सुमारे ५ लाख २० हजारांची वस्ती २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. या वाढीला आम्ही निव्वळ ऱ्हास म्हणणार नाही. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे पहिले हक्काचे घर याच इमारतींत आहे. (मिठागरातील मजुरीचे गोडवे, तळपायाला मीठ न झोंबलेल्यांनीच गावेत!) आमची चिंता निराळी आहे. खाजण, उधाण, बांध हे शब्द वर्गातील बहुतेकांना कोशातून समजावावे लागतात. मुर्धा-राईकडची मुले ते घरून घेऊन येतात. उत्तरपत्रिकेत लिहायला मात्र कचरतात.