कुंडलीतले साल

मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचे आरमार जवळजवळ संपवले. ती बातमी यारोस्लाव्ल प्रांतातल्या बुर्माकिनो या खेड्यात पोचली, तेव्हा एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने बर्चच्या झाडावर प्रतिज्ञा लिहून ठेवली, की काळाचे नियम आपण शोधून काढू. हजारो खलाशी बुडाले, त्या मरणामागे काहीतरी क्रम असलाच पाहिजे, असे त्याला मनापासून वाटत होते. हा विद्यार्थी म्हणजे वेलिमिर ख्लेब्निकोव्ह. लोबाचेव्हस्कीने जिथे भूमितीची नवी वाट काढली, त्याच कझान विद्यापीठात तो गणित शिकला होता. पुढे रशियाच्या नव्या कवितेत त्याचे नाव मोठे झाले. पण १९२२ साली मृत्यू येईपर्यंत कवितेच्या बरोबरीने लढायांच्या तारखा आणि त्यांमधली अंतरे हाच त्याचा ध्यास होता.

१९१२ साली त्याची ‘गुरू आणि शिष्य’ ही छोटी पुस्तिका निघाली. तिच्यातले सूत्र असे: ३६५ मध्ये ४८ची कोणतीही पट मिळवायची किंवा त्यातून वजा करायची आणि आलेल्या आकड्याला एखाद्या पूर्णांकाने गुणायचे. एवढ्या वर्षांच्या अंतराने राज्ये उभी राहतात किंवा कोसळतात, असे त्याचे म्हणणे. ३६५ अधिक ९६ म्हणजे ४६१. त्याची तिप्पट १३८३. इसवी सन ५३४ मध्ये व्हँडल लोकांचे राज्य बुडाले. त्यात १३८३ मिळवले की १९१७ येते. त्या वर्षी एखाद्या राज्याचा अंत होईल अशी अपेक्षा ठेवायला नको का, असा प्रश्न त्याने छापून ठेवला. पाच वर्षांनी झार दुसऱ्या निकोलसने सिंहासन सोडले.

तिथी-तारखांचा मेळ घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट हलवून सोडते. घटना घडून गेल्यावर आकडे जुळवणारे पुष्कळ असतात. ख्लेब्निकोव्हने आकडा आधी छापला. ही प्रामाणिकता मोठी आहे आणि तिचे श्रेय त्याला पूर्ण दिले पाहिजे. मात्र त्याच सूत्राने ३६५ मधून ४८च्या पटी वजा करत गेले, तर ३१७, २६९, २२१ असे उतरत आपण २९पर्यंत येतो. मग २९च्या सगळ्या पटी, ७७च्या सगळ्या पटी, १२५च्या सगळ्या पटी हाताशी येतात. इतिहासात बुडालेली राज्ये शेकडो आहेत. इतक्या दारांपैकी एखादे १९१७ मध्ये उघडणारच. १९१६ आणि १९१८ मध्येही उघडली असती.

पुढे त्याने वर्षे सोडून दिवस मोजायला घेतले. दोनच्या घातांइतक्या दिवसांनी सारख्या घटना घडतात आणि तीनच्या घातांइतक्या दिवसांनी उलट्या, हा ‘नशिबाच्या पाट्या’ या त्याच्या अखेरच्या ग्रंथाचा गाभा. त्याचे आवडते उदाहरण सायबेरियाचे होते. २६ ऑक्टोबर १५८१ रोजी येर्माकच्या कोसॅकांनी सायबेरियाच्या खानाची राजधानी इस्केर घेतली आणि रशियाची पूर्वेकडची घोडदौड सुरू झाली. तीनच्या दहाव्या घाताची दुप्पट, म्हणजे १,१८,०९८ दिवसांनी मुकदेनच्या लढाईत जपानने ती रोखली. प्रस्तुत लेखकाने लीप वर्षे धरून हे दिवस मोजून पाहिले. रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या कालगणनेप्रमाणे २५ फेब्रुवारी १९०५ येते. नव्या पद्धतीत ती तारीख १० मार्च, म्हणजे जपानी फौजा मुकदेनमध्ये शिरल्या नेमका तोच दिवस. असे जुळले की क्षणभर श्वास अडकतो.

पण इस्केर नक्की केव्हा पडले? रशियन बखरींमध्ये सृष्टीच्या आरंभापासून मोजलेले ७०९०वे वर्ष आहे. ते सप्टेंबरात सुरू होई, म्हणून त्यातला ऑक्टोबर १५८१चा. अनेक इतिहासकार मात्र इतर कागद लावून ही घटना १५८२ची मानतात. तसे असेल, तर गणिताचे उत्तर फेब्रुवारी १९०६ येते आणि तोवर युद्ध संपून पोर्ट्समथचा तह झालेला होता. दिवसापर्यंत अचूक भासणारे गणित ज्या खुंटीला टांगले आहे, ती खुंटीच एका वर्षाने हलते. या विद्येची सगळी मदार मूळ तारखेवर असते, आणि आकड्यांच्या ओढीत तीच तपासायची राहून जाते.

ग्रहांच्या बाजूने याच वाटेला गेलेले लोक याहून कितीतरी जुने. गुरू आणि शनी साधारण वीस वर्षांनी आकाशात एकत्र येतात. नवव्या शतकात बगदादच्या अबू माशरने या युतींवर राज्यांच्या आणि धर्मांच्या उदयास्ताची मांडणी केली, ती युरोपात शतकानुशतके वाचली गेली. फ्रान्सचा कार्डिनल पिएर दाय्यी याने शनीची आवर्तने आणि या महायुती मोजून १४१४ साली लिहिले, की जग तोवर टिकले तर १७८९ मध्ये मोठी उलथापालथ होईल. फ्रेंच राज्यक्रांतीचे साल पावणेचारशे वर्षे आधी कागदावर उतरले होते! फक्त दाय्यीच्या मनात होते ते ख्रिस्तविरोध्याच्या आगमनाचे संकट. राजाविरुद्ध उठलेली प्रजा त्याच्या कल्पनेतही नव्हती. साल बरोबर आले आणि घटना चुकली, तर भाकीत खरे ठरले असे म्हणायचे का? या लेखकाच्या मते म्हणू नये.

आपल्याकडे गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्यांचा मेळ साठ वर्षांच्या संवत्सरचक्रात बसला आहे. शकाच्या आकड्यात बारा मिळवून साठने भागावे. बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. शके १५९६ मध्ये शिवराज्याभिषेक झाला. बाकी ४८, आनंदनाम संवत्सर. तेच संवत्सर १९१४ मध्ये आले, पहिले महायुद्ध घेऊन. १७९४ मध्ये आले, तेव्हा पॅरिसमध्ये रोबेस्पियर पडला. हे पाहून उत्साह वाढतो. पण १७३४ मध्येही ‘आनंद’च होते आणि त्या वर्षासाठी तेवढ्या तोलाची घटना शोधताना दमछाक होते. उलट बाजूने जावे, तर पानिपत विक्रम संवत्सरात, पेशवाईची अखेर बहुधान्यात, सत्तावन्नचा उठाव पिंगलात आणि स्वातंत्र्य सर्वजितात. चार मोठी वळणे, चार वेगळी संवत्सरे.

अमेरिकेतही असा एक क्रम फार गाजला. १८४० पासून १९६० पर्यंत दर वीस वर्षांनी निवडून आलेला प्रत्येक अध्यक्ष पदावर असतानाच मरण पावला: हॅरिसन, लिंकन, गारफिल्ड, मॅकिन्ली, हार्डिंग, रूझवेल्ट, केनेडी. ज्योतिषांनी ही साले गुरू-शनीच्या युतीशी जोडली. १९८०चे रेगन गोळी लागूनही वाचले, २००० आणि २०२०च्या अध्यक्षांनी मुदत पुरी केली. आणि १८४८ साली निवडून आलेले टेलर पदावरच वारले, तरी त्यांचे नाव या यादीत कधीच नव्हते.

फेब्रुवारी १९६२ मधली अष्टग्रही महाराष्ट्रातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. मकर राशीत आठ ग्रह जमले, खग्रास सूर्यग्रहणही त्याच सुमारास आले, देशभर यज्ञ झाले, लोक घाबरले. ते दिवस शांतपणे गेले. आधीच्या जुलैत पानशेत फुटले होते, पुढच्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. युतीचा प्रभाव मागे-पुढे दीड वर्ष पसरू दिला, तर दोन्ही संकटे तिच्या खाती टाकता येतात. पण इतकी सैल मुदत दिली, तर कुठली युती कधी चुकेल?

मग या ग्रहांचा इतिहासाला उपयोग काय? फार मोठा आहे, आणि तो मागे वळून पाहण्यात आहे. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो, गुरू वर्षभर, सूर्य महिनाभर, चंद्र सव्वादोन दिवस आणि लग्न दोन तास. म्हणजे जुन्या कुंडलीवरचा शक पुसला गेला असला, तरी शनी-गुरूच्या जोडीवरून साठ वर्षांच्या टप्प्यातले साल निघते, सूर्यावरून महिना, चंद्रावरून दिवस, लग्नावरून वेळ. ज्याने ती मांडली त्याला जातकाचे भविष्य हवे होते. त्याच्या हातून नोंद झाली ती एका क्षणाची, आणि ती पुन्हा गणित करून पडताळता येते.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आठवावा. एका बाजूला शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७. दुसऱ्या बाजूला शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. लोकमान्य टिळकांमुळे प्रकाशात आलेली जेधे शकावली १९१६ साली छापली गेली आणि दुसरी तिथी अभ्यासकांपुढे आली. पुढे जोधपूरकडच्या एका कुंडलीसंग्रहात महाराजांची पत्रिका सापडली, तिनेही हीच तिथी उचलून धरली. दोन तिथींमध्ये जवळपास तीन वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात गुरू सुमारे तीन राशी ओलांडतो, त्यामुळे पत्रिका कोणत्या बाजूची याबद्दल शंका राहत नाही. आज महाराष्ट्र शासन साजरी करते ती जयंती १९ फेब्रुवारीची.

ख्लेब्निकोव्हच्या हाती अशी तपासलेली तारीख असती, तर इस्केरचे गणित त्याने स्वतःच पुन्हा मांडले असते, असे या लेखकाला वाटते. त्याचा ध्यास खरा होता. आजही महायुती मांडून पुढची युद्धे आणि सत्तांतरे सांगणाऱ्यांना एकच विनंती आहे. घटना कोणती, कुठली आणि कोणत्या तारखांच्या आत, हे आधी लिहून ठेवावे, आणि चुकलेले भाकीत त्याच वहीत राहू द्यावे.

वाचकांना विनंती वेगळी. जुन्या घरांच्या पेट्यांत, देवघराच्या फळीवर पणजोबा-खापरपणजोबांच्या पत्रिकांच्या गुंडाळ्या अजून पडून असतात. घर रिकामे करताना त्या नदीत सोडू नयेत, रद्दीत देऊ नयेत. शक, संवत्सर, तिथी, नक्षत्र, घटी-पळे आणि बऱ्याचदा गावाचे नावही त्यांवर असते. मोडी वाचता येत नसेल, तर नीट उजेडात त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावेत.