कुड्याची फुलं

चैत्र सरत आला की कर्नाटकातल्या आमच्या जोयड्याच्या रस्त्याला कुडा फुलतो. दाट रानात नव्हे. रान विरळ होऊन शेतांचे बांध सुरू होतात, तिथं. झुडपावर पोपटी पालवी आणि तिच्यातून वर आलेले पांढरे घोस. या फुलांची भाजी ताटात आली, की माझा वसंत आला.

आजी कुड्याची फुलं तोडायची नाही, वेचायची. फांदी खुडली की पांढरा चीक येतो आणि बोटांना चिकटून बसतो. आपणहून गळलेलं फूल देठ झाडावर ठेवून येतं. पाकळ्या आणि खालची बारीक नळी, एवढंच. ऊन चढलं की ते मलूल होतं, म्हणून तांबडं फुटताच निघायचं. ओच्यात फुलं आणि फुलांत मुंग्या. सुपात पसरली की थोड्या वेळानं मुंग्या आपसूक निघून जात.

मग मिठाच्या पाण्यात उकळून पिळायची. खोबरेलावर मोहरी, सुकी मिरची, भरपूर कांदा, भिजवलेली मुगाची डाळ. वरून ओलं खोबरं. शिजल्यावर फुलांचा पांढरा रंग जातो, वासही जातो. उरतो कडवटपणा, आणि नाचणीच्या भाकरीबरोबर तोच हवा असतो.

लहानपणी मला तो नको असे. धायटीची लाल फुलं चोखावीत, शेवग्याच्या फुलांची भजी खावीत, हे आमचं सुख. पाडव्याला कडुनिंबाचा मोहर गुळाबरोबर खायचा, तोही तोंड वाकडं करून. आमच्या पावसाळी मुलखात कडुनिंब विरळा, तो हळियाळकडून यायचा. आजी म्हणे, "पाडव्याचं कडू चिमूटभर, कुड्याचं ताटभर."

पुढे सुपा धरणासाठी आमचं गाव उठलं. 1987 साली धरण पुरं झालं. जुनं सुपा काळी नदीच्या पाण्याखाली आहे. बरीच माणसं रामनगरला आली, त्यांत आम्हीही. नव्या जागेत ओळखीचं काही नव्हतं. पण कुड्याच्या शेंगा उकलल्या की बिया रेशमी झुपक्यांनिशी वाऱ्यावर निघतात. पुढे आमच्या नव्या बांधावर कुडा आपला आपण उगवला. आजीनं त्याच्यावर कोयता चालवू दिला नाही.

शेजारच्या हव्यक काकूंकडे हीच फुलं वाळवून बरणीत भरत. पावसाळ्यात तुपावर परतायची, खोबरं-जिरं-मिऱ्यांबरोबर वाटायची आणि ताकात कालवायची, की झाली तंबळी. पोट बिघडलं की आम्हाला त्या घरून वाटी यायची.

आता आमच्या जोयडा तालुक्यातलं बरंचसं रान काळी व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं काही खुडायला जाता येत नाही. ते योग्यच आहे. कुड्याला बांध पुरतो; बांध साफ करताना त्याला आधी तोडतात, याचं मात्र वाईट वाटतं. महाराष्ट्रात रानभाज्यांचे महोत्सव भरतात तेही बहुधा पावसाळ्यात. तोवर कुडा शेंगांवर आलेला असतो आणि वसंतातली ही भाजी राहूनच जाते.

माझी वहिनी फुलं दोनदा उकळते, पाणी बदलते, वर गूळ घालते. मुलं खातात म्हणते. मला ते पटत नाही. मी एकदाच उकळते, हलक्या हातानं पिळते आणि मुलांच्या ताटात आधी लहान चमचाभर वाढते. थोरली यंदा स्वतःहून पुन्हा मागायला आली.