मोरीच्या जागी

एजंटने फ्लश दाबून दाखवला. पाणी घुसळत खाली गेलं, टाकी पुन्हा भरेपर्यंत तो थांबला आणि मग म्हणाला, "ॲटॅच्ड आहे मॅडम. अख्ख्या चाळीत तीनच खोल्यांना आहे."

भाची मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. मावशी मात्र त्या काचेच्या दारापाशीच अडकली. खोलीत दाखवण्यासारखं बाकी बरंच होतं. पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचं छत, त्यात बसवलेले एलईडी, पोटमाळ्यावर जायला शिडीऐवजी लाकडी पायऱ्या आणि पायऱ्यांच्या पोटात खण. मधला सागवानी खांब पॉलिश करून मुद्दाम उघडा ठेवलेला. हल्ली जुनं लाकूड दिसलं की भाव वाढतो म्हणे. मावशी याच चाळीत, याच मजल्यावर, शेजारच्या खोलीत वाढली. लग्नानंतर डोंबिवलीला गेली ती तिथलीच झाली. सगळ्या खोल्यांची आखणी एकच, त्यामुळे काचेच्या दारामागे पूर्वी काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिथे मोरी होती.

दोन वितींचा कठडा, आत शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि भोकातून उंदीर येऊ नये म्हणून त्यावर ठेवलेला फुटक्या वरवंट्याचा तुकडा. पहाटे साडेचारला नळ यायचा तेव्हा आधी आवाज यायचा, मग हवा, मग पाणी. भांडी, कपडे, आंघोळी सगळं तिथेच. तांब्याचा बंबही कठड्याला टेकलेला. मुलींच्या आंघोळीच्या वेळी दोरीवर जुनं लुगडं पडायचं आणि बाबा पेपर घेऊन गॅलरीत जायचे. पेपर संपला तरी हाक येईपर्यंत परत यायचे नाहीत. संडास मात्र गॅलरीच्या टोकाला. चौदा बिऱ्हाडांत चार.

तिची आजी रात्री जेवायची नाही. एकभुक्त असते म्हणायची, आणि आळीत तिच्या व्रताचं केवढं कौतुक! शेजारच्या काकू आपल्या सुनांना तिचा दाखला द्यायच्या. आजीचे गुडघे गेले होते, टोकाचा बल्ब कायम उडालेला असायचा आणि पावसाळ्यात गॅलरीतल्या फरशीवर शेवाळ धरायचं. संध्याकाळनंतर पोटात काही गेलं नाही की उजाडेपर्यंत निभतं, हा त्या व्रतामागचा हिशेब. आजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी आत्याने तो सांगितला, भाजी निवडता निवडता. आत्याला वाटत होतं, सगळ्यांना ठाऊक आहे.

"पागडीची आहे, पण कागद क्लिअर आहेत," एजंट सांगत होता. भाचीचा जन्म बिल्डिंगमधला, तिला पागडी समजेना. तिला एवढंच कळत होतं की ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि तिचं ऑफिस तिथून काही मिनिटांवर आहे. मावशीने मग शिकवणी घेतली. इथे घर विकत मिळत नाही, भाड्याची पावती मिळते. जुना भाडेकरू ती सोडतो, नव्या भाडेकरूकडून रक्कम घेतो, आणि नावबदलासाठी त्यातला सहसा तिसरा हिस्सा मालकाकडे जातो. हे अनेक वर्षं चोरीछुपे चालायचं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला उजेडात आणलं. त्याआधीच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर थिजवली होती. महायुद्धातली ती तारीख गिरगावाच्या बोकांडी अजून बसलेली आहे. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर लागणाऱ्या, इमारतींची 'अ' वर्गवारीसुद्धा तिच्यावरूनच ठरते: त्या तारखेआधी बांधलेली असली की 'अ'. वीस-बावीस रुपये भाडं येणाऱ्या खोलीचं छप्पर मालक कशाला शाकारील? तो शाकारीना, म्हणून १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला.

आणि एजंट सांगतो त्या रकमेत डोंबिवलीत टू-बीएचके येतो. इथे दोनशे चौरस फुटांनाही काही कमीच. मग घेतं कोण? नेहमीचे गणिती घेतात. उपकरप्राप्त चाळ पाडून टॉवर झाला तर भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट चटईक्षेत्र मिळावं असा नियम आहे. म्हणजे विकायला काढलेला माल पॉलिश केलेला खांब नव्हेच, तो खांब कधीतरी पाडला जाईल ही आशा. नूतनीकरणावर इतका खर्च करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं वाटत नाही.

चाळीच्या आठवणींवर मराठीत लेखांना तोटा नाही. गॅलरीतलं शेजारधर्माचं जग, वाटीभर साखर, गणपतीतली नाटकं. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, हे गिरगावकर आजही घरचं कार्य असावं तसं सांगतो. मावशीलाही हे सगळं आवडतं. तिचा राग आहे तो संडासाच्या रांगेबद्दल एक वाक्यही न लिहिणाऱ्यांवर. लिहिलंच तर विनोद म्हणून, डबा हातात धरलेला पुरुष उभा करून. रांगेतल्या बाया, पाळीतल्या मुली, गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या त्या विनोदात नसतात.

चाळींच्या पाठीमागे हाउसगल्ली असते. दोन इमारतींमधली ही चिंचोळी वाट टोपलीच्या संडासांसाठी ठेवलेली. मैला उपसणारा माणूस रहिवाशांच्या नजरेस न पडता मागच्या मागे यावा-जावा म्हणून. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात त्यासाठी हलालखोर कर होता. पुढे सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि सगळ्या शहराची नजर गटारांकडे वळली. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट आला. त्याने दाट वस्तीतून रस्ते काढले, प्रिन्सेस स्ट्रीट त्यातलाच. या चाळीच्या हाउसगल्लीत नंतर नळ उतरले, टोपल्या गेल्या. पण त्या टोपल्या वाहणारी बाई कुठे राहायची, तिच्या दाराशी संडास होता का, हे आजीच्या व्रताइतकंही कुणाच्या बोलण्यात आलं नाही. मावशीच्या घरातही नाही.

बाबांनी एकदा अर्ज केला होता. मोरीत एक भांडं बसवू द्या, नळ मागच्या गल्लीत सोडतो, खर्च आमचा. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. अर्जात एक काना इकडचा तिकडे नव्हता. मालकाचा मेहताजी भाडं घ्यायला आला तेव्हा अर्ज परत घेऊनच आला. खालच्या बिऱ्हाडाची हरकत आहे म्हणाला. तळमजल्यावरचे गृहस्थ सोवळ्याचे. वरच्यांचा मैला आपल्या भिंतीवरून जाणार ही कल्पना त्यांना सोसेना. बाबांनी नमस्कार केला आणि विषय संपला. आजी पुढे सहा-सात वर्षं एकभुक्त राहिली.

"पाइप कुठून नेलाय?" मावशीने एजंटला विचारलं.

त्याला हा प्रश्न नवीन होता. "मागून," तो म्हणाला. "ते प्लंबर बघतो."

भाची पोटमाळ्यावर गादी मावेल का ते वितीने मोजत होती. मावशी कठड्याला धरत जिना उतरली. तळमजल्यावरचं दार उघडं होतं, आणि दारात त्या गृहस्थांचा मुलगा, आता स्वतःच सत्तरीचा, लेंगा-बनियनमध्ये. लहानपणी दोघं लगोरी खेळले होते. त्याने आधी चष्मा लावला, मग ओळखलं, मग चहाचं विचारायच्या आत तक्रारीलाच सुरुवात केली.

"आमच्या वडिलांनी तुमचा नळ अडवला, आठवतं ना? आता कोण विचारतो! सामान आलं, गडी आले, भोक पाडून मोकळे. मंडळाकडे गेलो तर म्हणतात मालकाकडे जा, मालक म्हणतो भाडेकरूला पकडा. आणि हे बघ."

मागच्या भिंतीवर हातभर रुंद ओल आली होती. वर पिवळसर, खाली हिरवट, मध्ये रंगाचे पोपडे. देव्हारा तिथून हलवून ट्रंकेवर मांडलेला. वास येत होता.

त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मावशी जवळ जाऊन ती भिंत बघत राहिली. बोटाने पोपडा उचकटून बघितला. कधीपासून आहे, पावसाळ्यात किती वर चढते, प्लास्टर सुटतं का, नुसतं पाणीच येतं ना, तिने एकेक करून सगळं विचारलं. इतक्या आस्थेने कुणी विचारलेलं नसावं. तो खुलला, आणि पलंगामागची भिंत दाखवायची म्हणून पलंगाचं एक टोक ओढायला लागला. दुसरं टोक तिने धरलं.

वरून भाचीची हाक आली. एजंट सांगतोय, पाच वाजता दुसरी पार्टी येतेय, काय ते आत्ताच ठरवा.

"थांब जरा," मावशी खालून ओरडली, "अजून आतली भिंत बघायची आहे."